कावीळ न होणारा मास्तर

ताई गेली त्याच वर्षी आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. लोकांनी तो जोडला, म्हणून मला हे लिहावं लागतंय.

मी सावकाश लिहिते. ताई म्हणायची, "तुझं एक पान होईस्तोवर माझ्या अख्ख्या वर्गाच्या वह्या तपासून होतात." ती गणिताची, मी मराठीची. दोघी एकाच शाळेत शिकवत होतो आणि एकाच घरात राहत होतो. श्रीगोंद्याच्या पुढे, उसाच्या पट्ट्यातलं गाव. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा आंबूस वास थेट वर्गात यायचा आणि शेवटच्या तासाला मुलं पेंगायची. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते. आईने दुसऱ्यांच्या उसात खुरपणी करून आम्हाला शिकवलं. ताईने लग्न केलं नाही, मीही केलं नाही. गावाने त्याची पुष्कळ कारणं शोधून काढली, त्यातलं एकही खरं नव्हतं.

मे महिन्यात ताईला कावीळ झाली. आधी झाडपाला, मग श्रीगोंद्याचा डॉक्टर, मग नगरचं हॉस्पिटल. आपल्याकडे आजार ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने गेला आणि शाळा उघडायच्या आधी ती संपली. तिच्या जलदानविधीला विहारात बसायला जागा नव्हती. ज्यांच्या घराचा उंबरा आम्ही कधी ओलांडला नव्हता, तेही आमच्या वस्तीत येऊन मांडी घालून बसले. ती त्यांच्या मुलांची बाई होती.

जूनमध्ये शाळा उघडली ती समारंभानेच. प्रयोगशाळेशेजारच्या खोलीला नवी फरशी आणि निळे पडदे. आत टेबलावर कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकू. नारळ खोलीच्या बाहेर फोडला, कारण पाणी उडालं असतं तर काय घ्या. मुलांनी चपला बाहेर काढल्या. हेडसरांच्या फोनची तार भिंतीवरून ओढत आत आणली होती. संस्थेच्या अध्यक्षांच्या पुतण्याने कुठलंसं बटण दाबलं आणि आतून घरघर, शिट्ट्या, किंचाळ्या असा काही आवाज सुरू झाला.

"बाई, आत कोंबडी कापत्यात का?" सातवीतल्या एकाने विचारलं.

"गप बस, लाइन लागतीय," शिपाईमामा म्हणाले. त्यांनाही ते नुकतंच कळलं होतं.

पुतण्या इंजिनिअर होता, पुण्यात नोकरीला. तो याच शाळेत शिकला होता, ताईच्या हाताखाली. स्वभावाने चांगला मुलगा. त्याने सांगितलं की ही तार आता साऱ्या जगाला जोडलेली आहे आणि जगातले उत्तमातले उत्तम शिक्षक इथे, या खोलीत येतील. मुलांनी दाराकडे पाहिलं.

मग अध्यक्ष बोलायला उठले. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांचं भाषण नेहमी हसवणारं असे. "पोरांनो, हा नवा मास्तर बघून घ्या. ह्याला रजा नको, बदली नको, ह्याच्या बायकोची डिलिव्हरी नाही. ह्याला कावीळबी व्हत नाही."

लोक हसले. मग एकेकाची नजर माझ्याकडे वळली आणि हसू विझत गेलं. आबांच्याही लक्षात आलं, ते खाकरले आणि भाषण आवरतं घेतलं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. ताईच्या मयतीला ते शेवटपर्यंत उन्हात उभे होते. पण ते जे बोलले ते त्यांना खरंच वाटत होतं, आणि हेच मला जास्त लागलं.

समारंभ झाल्यावर मला ऑफिसात बोलावलं. चहा आला. हेडसर टेबलावरची काच पुसत राहिले.

"बाई, दोन गोष्टी," आबा म्हणाले. "एक, ताईंची जागा आता भरायची नाही असं ठरवलंय. सहावी-सातवीचा गणिताचा तास कॉम्प्युटरवर. एक कुणीतरी शिक्षक नुसता बसंल पोरं सांभाळायला. दुसरं म्हणजे, त्या खोलीला ताईंचं नाव द्यायचं. कॉम्प्युटरच्या वर त्यांचा मोठा फोटो. संगमरवरी पाटी करायला टाकलीय नगरला."

"मॅडम, कल्पना माझी आहे," पुतण्या म्हणाला. "ताईंनी गणिताची गोडी लावली नसती तर मी आज कुठेतरी टेम्पो चालवत असतो."

त्याचे डोळे खरोखर भरले होते. मी म्हटलं, "विचार करून सांगते." माझी ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. त्यांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

घरी आईला सांगितलं, तर तिने लगेच ट्रंक ओढली.

"कंचा फोटू द्यायचा? ह्यो पदवीचा का त्यो सहलीचा?"

"आई, अजून ठरलं नाही."

"ठरायचं काय त्यात? ज्या शाळंच्या बांधकामावर म्या पाट्या टाकल्या, त्या शाळंत माज्या लेकीचा फोटू लागनार हाय. लावू दे की."

आईने फोटो लुगड्याच्या पदराने पुसला. पण मला जे डाचत होतं ते मलाही नीट सांगता आलं नसतं. मी वाचणारी बाई. पुस्तकांतून मी जितकं शिकले तितकं माणसांकडून शिकले असं म्हणता येणार नाही. मग यंत्रातून शिकायला माझी हरकत का? पुस्तकही एका अर्थी शिक्षकाविना शिकवणारी वस्तूच आहे. हा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. उत्तर मला वर्गात मिळालं.

पुढच्याच आठवड्यात पोरं सांभाळायला बसण्याची पाळी माझी आली. सहावीचा वर्ग. पुतण्या मुद्दाम थांबला होता. त्याने इंटरनेटवर गणिताची एक जागा शोधून ठेवली होती. पडद्यावर रंगीत आकडे येत, मुलाने उत्तराची बटणं दाबायची, बरोबर आलं की फुगे उडत, चुकलं की लाल फुली. सगळं इंग्रजीत होतं, पण आकड्यांना भाषा कशाला? मुलं एकमेकांना ढकलत रांगेत उभी होती. फुगे उडाले की टाळ्या. मलाही मजा वाटली, खोटं का बोलू?

मग एक मुलगी बसली. बागायतदाराच्या घरची, हुशार, गणितात कधी मागे नसलेली. पडद्यावर दशांशाची वजाबाकी आली: २.२० वजा ०.३०. तिने जराही न थांबता उत्तर दिलं, १.३०. लाल फुली. तिने परत तेच दिलं. परत फुली. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि आणखी ठामपणे तेच उत्तर दिलं. मागची पोरं हसायला लागली.

"घाई करू नकोस, नीट बघ," पुतण्या म्हणाला. यंत्राने एक सोपं उदाहरण दिलं, ते तिला आलं. मग पुन्हा तसंच एक, आणि पुन्हा फुली. शेवटी ती उठली. पुतण्या हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पाया कच्चा दिसतो. पण बघा मॅडम, कॉम्प्युटर कंटाळत नाही. ती शंभर वेळा चुकली तरी शंभर वेळा सांगेल."

"काय सांगेल?"

"चुकलं म्हणून."

मी त्या मुलीकडे बघत होते. मला गणित येत नाही. पण ही चूक मला ओळखीची होती, कारण ताईने ती मला जेवताना सांगितली होती, भाकरी मोडता मोडता.

ताई नवीन लागली तेव्हाची गोष्ट. अर्धा वर्ग हीच चूक करायचा. गंमत म्हणजे आमच्या वस्तीतली मुलं ती कधीच करत नसत, मळ्यातली मुलंच करत. ताईला काही उमगेना. तेव्हा तिने एक रीत पाडली आणि ती शेवटपर्यंत पाळली. ज्याचं चुकलं त्याने फळ्यापाशी यायचं, खडू घ्यायचा आणि आपण या उत्तरापर्यंत कसे आलो ते सगळ्यांना समजावून द्यायचं. बरोबर आलेल्याला बोलावणं नाही. हसणाऱ्याने पुढचं गणित करायचं. पहिल्यांदा एका मुलाने फळ्यावर सांगितलं, "बाई, दोन एकर वीस गुंठे हाये. त्यातलं तीस गुंठे चुलत्याला दिलं. ऱ्हायलं एक एकर तीस."

चाळीस गुंठ्यांचा एकर. घरी कागदावर एकर आणि गुंठे यांच्यामध्ये टिंबच देतात. वाटण्यांच्या, बांधांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पोराच्या डोक्यात त्या टिंबाच्या पलीकडे चाळीसच असणार. आमच्या घरी एक गुंठाही जमीन नव्हती, म्हणून ही चूक करायची पाळी ताईवर कधी आली नव्हती. ती तिला पोरांनी शिकवली. त्या मुलाला ती म्हणाली, "तुझं उत्तर अगदी बरोबर आहे. फक्त प्रश्न तुझ्या रानातला नाही. या टिंबाच्या पलीकडे दहा-दहाचे वाटे असतात." मग पुढे दर वर्षी ती दशांश अपूर्णांकाला जमिनीपासूनच सुरुवात करू लागली. एकदा एका पालकाने तिला टोमणा मारला होता, "बाई, तुमाला काय ठावं शेतीतलं?" ती म्हणाली, "काहीच नाही. तुमचा मुलगा शिकवतोय."

मी त्या मुलीला बाहेर घेऊन आले. कॉम्प्युटरच्या खोलीत फळा नव्हता. मी वर्ग घेऊन शेजारच्या रिकाम्या वर्गात गेले. पुतण्या पाठोपाठ आला. मी मुलीच्या हातात खडू दिला.

"कसं काढलंस ते सांग."

ती रडवेली झाली होती. "बाई, अडीच एकरातनं पाऊण गेला तर पावणेदोनच ऱ्हानार ना? घरी कुनालाबी इचारा!"

सगळ्या मळ्यातल्या पोरांनी माना डोलावल्या. "व्हय बाई, बराबर हाय तिचं. त्या मशिनलाच येत न्हाई."

पुतण्या मोठ्याने हसला. मग म्हणाला, "मीही हीच चूक करायचो."

"मग आठवलं का नाही?"

"ताईंनी ती काढून टाकली ना. राहिलीच नाही मग आठवायला."

त्या संध्याकाळी मी आबांकडे निरोप पाठवला की फोटो मिळणार नाही.

लगेच बैठक झाली. आबा, हेडसर, पुतण्या, संस्थेचे आणखी दोघे, आणि मी. मी अशा बैठकींत कधी बोललेली नव्हते. माझा आवाज वर्गातसुद्धा तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही, असं मुलं म्हणतात.

"काय झालं, बाई?" आबा म्हणाले. "गुंठ्याचं कळलं मला. अहो, तेवढं तर कुणीबी सांगंल."

"मी सांगू शकले, कारण ताईने मला सांगितलं होतं. ताईला पोरांनी सांगितलं. तुमच्या यंत्राला त्या मुलीने तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. त्याने ऐकली नाही."

पुतण्या शांतपणे म्हणाला, "मॅडम, हे तर आत्ता सुरू झालंय. आज लाइन तुटते, लाइट जाते, इंग्रजी आहे. दहा-वीस वर्षांनी मराठीत येईल, गुंठेसुद्धा कळतील त्याला. त्या एका चुकीवरून ठरवू नका."

त्याचं म्हणणं रास्त होतं आणि मी ते टाळलं नाही. आजही टाळत नाही. मी म्हटलं, "सगळं सुधारेल असं धरून चालू. लाइट जाणार नाही, भाषा मराठी असेल, गुंठेही येतील. कोणीतरी ते त्याला शिकवलेले असतील म्हणून येतील. पण दर वर्षी नवी मुलं येतात आणि नवी चूक घेऊन येतात, जी आधी कोणी लिहून ठेवलेली नसते. तिच्यापाशी थांबायला कोण असेल? मूल रडवेलं झालंय हे कोण बघेल? सांगण्यासाठी पुस्तकं माझ्या कपाटात पडून आहेत. सांगणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. ऐकून घेणारा माणूस गेलाय, आणि तुम्ही त्याच्या जागी आणखी एक सांगणारा आणून बसवलाय."

मग आबांनी बाजू बदलली.

"ठीक हाय, तुमचं मत. पर फोटूला नाही का म्हणता? मानच देतोय ना ताईंना? पाटी कोरून आलीय, बाई. आता तिचं काय करायचं?"

"आबा, तुम्ही तिची जागा बंद करताय आणि त्या बंद दारावर तिचंच नाव लावताय. तिची आठवण ठेवायची असेल तर तिच्या जागी कोणीतरी उभं करा. बाई असो, मास्तर असो, कुठल्या का जातीचा असेना. खोलीला दुसरं काय वाटेल ते नाव द्या. कॉम्प्युटर ठेवा, मुलांना शिकवा, माझी ना नाही. पण ताईच्या फोटोखाली तिची जागा रिकामी ठेवू देणार नाही."

"तुमच्या आई हो म्हणाल्यात. मी सोता इचारलंय त्यास्नी."

हे मला ठाऊक नव्हतं.

"आई हो म्हणाली असेल," मी म्हटलं. "तर मग लावा फोटो. आणि ज्या दिवशी लावाल त्या दिवशी सकाळी परिपाठाला मी उभी राहीन आणि मुलांना सांगेन की या बाई असत्या तर त्यांनी स्वतःच्या हाताने तो उतरवला असता."

संस्थेतले एक गृहस्थ हसले. "तुमी बोलनार? तुमचा आवाज तरी येईल का?"

"हळूच बोलेन. मुलं गप्प बसून ऐकतील. ताईची मुलं आहेत ती."

आबा खुर्ची मागे सारून उठले. मग म्हणाले, "दोघी बहिनी. थोरली बोलायची अन् धाकटी ऐकायची, असं आमी समजत हुतो."

पाटी वर्षभर स्टोअररूममध्ये भिंतीकडे तोंड करून उभी होती. गणिताच्या तासाला मी कॉम्प्युटरच्या खोलीत बसायला नकार दिला. हेडसरांनी लेखी समज दिली, मी ती घेतली आणि मुलांना घेऊन वर्गात बसले. मला गणित येत नव्हतं हे मुलांना मी सांगून टाकलं. आम्ही मिळून पुस्तक वाचायचो, अडायचो, भांडायचो. पुष्कळदा सुटायचं नाही. ते काही फार चांगलं शिक्षण होतं असा माझा दावा नाही.

घरात मात्र आई माझ्याशी बोलेनाशी झाली. भाकरी ताटात वाढायची आणि तोंड फिरवून बसायची. एकदा शेजारणीला मला ऐकू जाईल असं म्हणाली, "लई शिकली ना, म्हनून. अडानी असती तर बहिनीचा फोटू लावू दिला असता." मी तिला गुंठ्यांची गोष्ट सांगितली, शाळेतल्या जागेचं सांगितलं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ते मला कळतंय. पर माजी पोरगी भिताडावर दिसली असती." तरी मला पुन्हा विचारलं तर मी पुन्हा नाहीच म्हणेन.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एक दिवस आबांची जीप माझ्याशेजारी थांबली. काच खाली झाली.

"बाई, सोमवारी गणिताची नवी बाई येतीय. तासिकेवर घेतलीय, पुढचं पुढं बघू. पुतन्यानं रोज फोन करून डोकं खाल्लं माजं." काच वर जाता जाता ते म्हणाले, "तुमच्यामुळं न्हाई, समजलं का?"

"समजलं, आबा."

सोमवारी मी घरी आईला इतकंच सांगितलं की आज नवी बाई येणार आहे. दुपारी तास सुरू होता आणि मी व्हरांड्यातून जात होते, तर सहावीच्या वर्गाच्या दाराशी आई उभी. धुवट लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर. आत एक अगदी कोवळी मुलगी फळ्यापाशी उभी होती, राहात्याकडून आलेली, साडीची सवय नसलेली, खडूने बोटं पांढरी झालेली.

"लई बारीक हाय गं पोरगी," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. भिताडाच्या त्या बोलण्यानंतर कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. "आवाज पोचंल का हिचा मागपतुर?"

मी काही म्हणायच्या आत ती चपला काढून आत गेली. मुलं आ वासून बघत राहिली. आई बाकांच्या मधून सरळ चालत शेवटच्या बाकापर्यंत गेली, तिथल्या दोन मुलींना हाताने सरकवलं आणि त्यांच्याशेजारी टेकली.

नव्या बाईंनी बिचकून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच खूण केली नाही. मग तिने वर्गाच्या शेवटाकडे मान उंच करून विचारलं, "आजी, ऐकू येतंय ना?"

"येतंय," आई म्हणाली. "पर आनी जरा मोठ्यानं बोल."